आकडा दिसला म्हणून संख्या समजू नकोस

पोरी, पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला प्रवेश घेतलास, फार बरं वाटलं. आता सी शिकवतील, पायथन शिकवतील, पुढे आणखी एखादी भाषा येईल. त्याआधी कागदावर स्यूडोकोड, म्हणजे प्रोग्रॅमच्या पायऱ्या साध्या भाषेत, लिहायला लावतील. बरीच मुलं तो भाग भराभर उरकतात आणि कीबोर्डकडे धावतात. तू उरकू नकोस. स्यूडोकोड तपासायला कंपायलर नसतो, चुकलेल्या ओळीखाली लाल रेघ येत नाही. प्रत्येक गोष्ट काय आहे याचा निर्णय तुझा तुलाच घ्यावा लागतो. ती सवय कागदावर लागली की पुढची कुठलीही भाषा परकी वाटत नाही.

हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिण्यात आणि मुलांना शिकवण्यात तुझ्या आत्याचं आयुष्य गेलं. त्यातून हाती लागलेल्या गोष्टी तुला सांगते. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच सूत्र आहे: एखादं मूल्य कसं दिसतं यावरून त्याचा डेटा टाइप ठरत नाही, त्याचं आपण काय करणार यावरून ठरतो.

उदाहरण गावातल्या दूध संकलन केंद्राचं घेऊ. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतात. वजन होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) लागतं, तक्त्यावरून दर निघतो आणि दहा दिवसांनी बिल होतं. एवढ्या रोजच्या व्यवहारात तुला सगळे टाइप भेटतील.

१. आधी विचार, याची बेरीज करणार का?

सभासद क्रमांक ००७. दिसतो आकडा, म्हणून मुलं लगेच इंटिजर, म्हणजे पूर्ण संख्येचा टाइप, लिहितात. इंटिजरमध्ये ००७ ठेवलास की ७ उरतो, पुढची शून्यं जातात. कार्डावर एक आणि यादीत दुसरं, अशी भानगड सुरू होते. म्हणून स्वतःला विचार: दोन सभासद क्रमांकांची बेरीज मी कधी करणार आहे का? सरासरी काढणार आहे का? नाही ना? मग ती संख्या नव्हे, ओळख आहे. ओळखीला स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची माळ.

पिनकोड घे. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झाली. त्यातला पहिला अंक विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये येतात. पहिल्या तीन अंकांवरून टपालाचा छाननी जिल्हा कळतो, ४११ म्हटलं की पुणे, ४०३ म्हटलं की गोवा. म्हणजे पिनकोडाचे तुकडे पाडून वाचायचे असतात आणि तुकडे पाडणं हे स्ट्रिंगचं काम. दोन पिनकोडांची वजाबाकी केलीस तर जे उत्तर येईल त्याला काही अर्थ नाही.

मोबाइल नंबराचंही तसंच. तिथं आणखी एक धोका आहे. ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये सर्वांत मोठी संख्या मावते ती २,१४,७४,८३,६४७. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे दहा आकड्यांचा प्रत्येक नंबर या मर्यादेच्या वरच. एकही मावणार नाही. आणि जमिनीचा गट नंबर बघ: ४७/२/अ. हा तर कुठल्याच संख्येत बसत नाही. बँकेच्या आयएफएस कोडमध्ये अकरा चिन्हं असतात आणि पाचवं चिन्ह शून्य असतं. लोक तिथं हटकून इंग्रजी ओ लिहितात. हे सगळं स्ट्रिंग म्हणून घेतलंस तरच एकेक चिन्ह तपासता येतं.

उलट बाजूही ध्यानात ठेव. ज्याची बेरीज करायची ते स्ट्रिंगमध्ये ठेवू नकोस. स्ट्रिंग म्हणून "१२" आणि "५" जोडले तर १७ येत नाहीत, "१२५" येतं. आणि स्ट्रिंगची क्रमवारी लावली तर "१०" हे "९" च्या आधी येतं, कारण तुलना पहिल्या चिन्हापासून होते.

२. मोजायचं ते इंटिजर, मापायचं ते रिअल

सभासद किती, कॅन किती, दिवस किती? हे मोजायचं. अडीच सभासद नसतात. इथं इंटिजर. दुधाची घनता, महिन्याचं सरासरी फॅट? हे मापायचं किंवा भागाकारातून येणारं. इथं रिअल, म्हणजे अपूर्णांक मावणारा टाइप.

इंटिजरचा भागाकार नीट समजून घे. सीसारख्या भाषेत ७ भागिले २, दोन्ही इंटिजर असतील तर उत्तर ३ येतं, साडेतीन नाही. पायथन ३ मध्ये साधा भागाकार साडेतीन देतो. भाषेभाषेत हा फरक आहे म्हणून स्यूडोकोडमध्येच स्पष्ट लिही. पूर्ण भाग हवा तर 'डिव्ह', बाकी हवी तर 'मॉड':

एकर ← १७३ डिव्ह ४०
गुंठे ← १७३ मॉड ४०

एकरात ४० गुंठे, म्हणून १७३ गुंठे म्हणजे ४ एकर १३ गुंठे. जमिनीचा असा हिशेब करताना बाकी टाकून द्यायची नसते, ती माणसाची जमीन असते. डिव्ह लिहिलास की शेजारी मॉडची गरज आहे का, हे दर वेळी तपास.

३. पैसे हे पैशांतच ठेव

रक्कम रुपयांत रिअल म्हणून ठेवावी असं सगळ्यांना वाटतं. दशांश चिन्ह दिसतं ना, ३५.२०. पण रिअलच्या आत काय घडतं ते ऐक. कॉम्प्युटर अपूर्णांक दोनाच्या घातांत लिहितो: अर्धा, पाव, एक अष्टमांश, एक षोडशांश. म्हणून आपले पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे सगळे त्यात अचूक बसतात. एक दशांश मात्र बसत नाही. आपण दशमानात एक तृतीयांश लिहायला गेलो की ०.३३३ करत संपत नाही, तसा ०.१ बायनरीत संपत नाही. कुठंतरी तोडावा लागतो. म्हणून बहुतेक भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३००००००००००००००४ अशी निघते.

एवढ्याशा फरकानं काय होतं, असं म्हणू नकोस. २५ फेब्रुवारी १९९१ ला आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दहरान इथं अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रयंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होती आणि ०.१ हे २४ बिटांत तोडून ठेवलेलं होतं. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. तेवढ्यात चूक साचत साचत एक तृतीयांश सेकंदाच्या आसपास गेली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. २८ सैनिक मेले. एकेका टिचकीतली चूक डोळ्यांना दिसणारी नव्हती, ती साचली म्हणून माणसं गेली.

आपल्या बिलातही रोज दोनदा, सभासदामागून सभासद, बेरीज साचतच असते. म्हणून रक्कम पैशांत इंटिजर म्हणून ठेव. दर ३५ रुपये २० पैसे असेल तर ३५२० पैसे. दूध ८.४ लिटर असेल तर ८४०० मिलिलिटर. मग:

रक्कम_पैसे ← (दूध_मिली × दर_पैसे) डिव्ह मिली_प्रति_लिटर

८४०० गुणिले ३५२० भागिले १००० म्हणजे २९,५६८ पैसे, अर्थात २९५ रुपये ६८ पैसे. कुठंही काही सांडलं नाही. पण भाग पूर्ण जाणार नाही असेही आकडे येतील, तेव्हा उरलेल्या बाकीचं काय करायचं हे आधी ठरव आणि लिहून ठेव.

रुपयात पूर्णांक करायचा असेल तर एकदाच, शेवटी, एकूण बिलावर कर. दिवसात दोन वेळा, दहा दिवस, म्हणजे वीस नोंदी. प्रत्येक नोंद स्वतंत्र पूर्णांक केलीस तर नोंदीमागे पन्नास पैशांपर्यंत आणि एका बिलात दहा रुपयांपर्यंत फरक पडू शकतो. सभासद तो फरक बरोबर पकडतो, आणि पकडायलाच हवा.

हाच नियम फॅटला लाव. दरतक्ता ०.१ च्या टप्प्यांनी असतो: ४.०, ४.१, ४.२. रिअलमध्ये ठेवलेलं फॅट तक्त्यातल्या ४.१ शी 'समान आहे का' असं विचारलंस तर उत्तर कधी हो येईल, कधी नाही. फॅट दशांशांत इंटिजर ठेव, ४१. मग समानतेचा प्रश्न निर्धास्त विचारता येतो. रिअलला 'समान' विचारू नये, 'इतक्या फरकाच्या आत आहे का' असं विचारावं, हे कायमचं गाठीला बांध.

४. मधल्या पायरीला मूल्य किती मोठं होईल ते बघ

वरचंच सूत्र टँकरला लाव. १०,००० लिटर म्हणजे १,००,००,००० मिलिलिटर. त्याला ३५२० ने गुणलं की ३५,२०,००,००,००० होतात. शेवटचं उत्तर हजाराने भागल्यावर लहानच आहे, पण मधला गुणाकार ३२ बिटांच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेला. भाषेनं तिथं आवाज केला नाही तर भलताच, कधी ऋण आकडा घेऊन हिशेब पुढे जातो. पायथनचा इंटिजर हवा तेवढा वाढतो, सीचा वाढत नाही. म्हणून टाइपच्या शेजारी नेहमी लिही: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि मधल्या पायरीला किती.

४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन ५ हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आसपास आकाशात फुटलं. त्यातला दिशादर्शनाचा प्रोग्रॅम आधीच्या एरियन ४ मधून जसाच्या तसा घेतलेला होता. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांचं रिअल मूल्य १६ बिटांच्या इंटिजरमध्ये बदललं जात होतं. अशा इंटिजरची वरची मर्यादा ३२,७६७. जुन्या रॉकेटचं मूल्य त्यात मावायचं. नवं रॉकेट जास्त वेगानं जाणारं, त्याचं मावलं नाही. जुन्या कागदावरची मर्यादा नव्या कामाला चालते का, हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.

पुढचा प्रसंग तुझ्या नोकरीच्या काळात येणार आहे. अनेक यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. तो आकडा ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये ठेवला असेल तर १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की तो भरतो. पुढच्या सेकंदाला जागा नाही. जुन्या यंत्रांमधले असे टाइप शोधून बदलायचं काम तुझ्या पिढीला करावं लागेल.

एका टाइपमधून दुसऱ्यात बदल करायची प्रत्येक जागा स्यूडोकोडमध्ये उघडपणे लिही. कीबोर्डवरून आलेलं मूल्य पायथनमध्ये स्ट्रिंग असतं. 'वाचा', मग 'इंटिजर होतं का तपासा', मग 'इंटिजरमध्ये बदला', अशा तीन ओळी लिही. एका ओळीत गुंडाळू नकोस.

५. बूलियन करण्याआधी तिसरं उत्तर शोध

जॉर्ज बूल या गणितज्ञानं १८५४ साली तर्काचं बीजगणित पुस्तकरूपानं मांडलं, त्याच्या नावावरून हा टाइप आला. त्यात दोनच मूल्यं: खरं किंवा खोटं. वापरायला सोपा, म्हणून मुलं कुठंही वापरतात.

दूध गाईचं की म्हशीचं? दोनच पर्याय दिसतात म्हणून 'गाईचं_आहे' असा बूलियन केला, आणि उद्या केंद्रानं मिश्र दूध घ्यायला सुरुवात केली. आता ते खरं की खोटं? दूध स्वीकारलं की नाही? त्यातही 'तपासणी बाकी' ही तिसरी अवस्था असते. असं तिसरं उत्तर संभवत असेल तर ठरावीक मूल्यांची यादी कर आणि बाहेरचं मूल्य आलं तर अडव. 'बिल दिलं का?' याला मात्र हो किंवा नाही याखेरीज उत्तर नाही. तिथं बूलियन शोभतो.

बूलियनचं नाव असं ठेव की वाचताच प्रश्न कळावा, आणि ते होकारार्थी असू दे. 'बिल_दिलं' चांगलं. 'बिल_नाही_दिलं' असं नाव ठेवून पुढे 'जर नाही बिल_नाही_दिलं' लिहिलंस तर महिन्यानं तुझं तुलाच उलगडणार नाही.

६. मराठी नावं स्ट्रिंगमध्ये ठेवताना

कॅरॅक्टर म्हणजे एक चिन्ह, स्ट्रिंग म्हणजे चिन्हांची माळ, असं पुस्तकात असेल. इंग्रजीला ते सरळ लागू पडतं. आपल्या लिपीत जरा सांभाळून. 'मराठी' हा शब्द तू तीन अक्षरांचा वाचतेस. युनिकोडमध्ये तो म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असा पाच चिन्हांचा आहे. यूटीएफ-८ मध्ये साठवला की प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे पंधरा. लांबी विचारलीस तर भाषेनुसार पाच किंवा पंधरा येईल, तीन सहसा येणार नाही.

म्हणून नावाला वीस बाइट पुरतील असं गृहीत धरू नकोस. सभासदाचं नाव मध्येच तुटून वेलांटी गळाली तर तो आपल्या नावाचा अपमान समजतो, आणि त्याचं बरोबर आहे. आणखी एक, 'शिंदे' आणि शेवटी मोकळी जागा राहिलेला 'शिंदे ' हे पडद्यावर सारखे दिसतात, तुलनेत वेगळे निघतात. स्ट्रिंग घेताना पुढची-मागची मोकळी जागा काढायची ओळ आधी लिही.

७. व्हेरिएबल म्हणजे पाटी

व्हेरिएबलला पाटी समज. नवीन लिहिलं की आधीचं पुसलं गेलं, आणि पुसलेलं परत वाचता येत नाही. हे एकदा मनात बसलं की अर्ध्या चुका होतच नाहीत.

मूल्य देताना बाणाची खूण वापर:

एकूण_मिली ← एकूण_मिली + दूध_मिली

वाचायचं उजवीकडून: आधी उजवी बाजू पूर्ण काढायची, मग उत्तर डावीकडच्या नावात लिहायचं. १९५७ च्या फोरट्रानपासून पुष्कळ भाषांनी यासाठी बरोबरचं चिन्ह घेतलं. अल्गोल आणि पास्कलनं त्याच्या आधी विसर्गासारखे दोन ठिपके दिले, म्हणजे गणितातल्या समीकरणाशी घोटाळा होऊ नये. कागदावर तुला मोकळीक आहे, तेव्हा बाण वापर आणि बरोबरचं चिन्ह तुलनेसाठी राखून ठेव.

समज, कुणी सकाळचं दूध संध्याकाळच्या रकान्यात आणि संध्याकाळचं सकाळच्या रकान्यात भरलं. अदलाबदल करायची. 'सकाळ ← संध्याकाळ' आणि मग 'संध्याकाळ ← सकाळ' लिहिलंस तर दोन्हीकडे संध्याकाळचाच आकडा राहतो. पहिलं मूल्य पुसण्याआधी तिसऱ्या जागी उतरवून घ्यावं लागतं:

तात्पुरतं ← सकाळ
सकाळ ← संध्याकाळ
संध्याकाळ ← तात्पुरतं

पाटी कोरी आहे असंही धरून चालू नकोस. सीमध्ये फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलला सुरुवातीचं मूल्य दिलं नाही तर त्यात काय असेल याचा भरवसा नसतो. बेरजेची सुरुवात ० पासून. गुणाकाराची १ पासून. पण सर्वांत कमी फॅट शोधायचं तर ० पासून सुरुवात केलीस की उत्तर कायम ० च येणार, कारण त्याहून कमी फॅट कुणाचंच नसतं. तिथं पहिल्या नोंदीचं मूल्य घेऊन सुरुवात करायची.

आणि शून्य म्हणजे 'नोंद नाही' असं कधीही मानू नकोस. मशीन बंद म्हणून फॅट लागलंच नाही, आणि तिथं ० लिहिलं, की त्या सभासदाची दहा दिवसांची सरासरी विनाकारण खाली येते. 'फॅट_मोजलं' असा वेगळा बूलियन ठेव आणि सरासरी काढताना मोजलेल्याच नोंदी धर.

८. नावात एकक लिही

'व', 'क्ष', 'अ१' अशी नावं घाईत सुचतात आणि आठवड्यात निरर्थक होतात. 'वजन' हे नावही अपुरं आहे. किलो की लिटर? दूध काट्यावर किलोत येतं आणि दर लिटरवर असतो. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. २५ किलो दुधाला २५ लिटर धरलंस तर जवळजवळ पाऊण लिटर जास्त मोजलं गेलं. 'दूध_किलो' आणि 'दूध_लिटर' अशी दोन नावं असती तर चूक लिहितानाच खटकली असती. दर_पैसे, फॅट_दशांश, क्षेत्र_गुंठे अशी नावं ठेव. चार अक्षरं जास्त लिहावी लागतात, खुशाल लिही.

एका नावाला एकच काम दे. सुरुवातीला 'एकूण' मध्ये दूध आणि खाली त्याच 'एकूण' मध्ये रक्कम असं करू नकोस.

९. कॉन्स्टंट ठरवताना 'कोण बदलतं?' विचार

प्रोग्रॅममध्ये नुसता ४० लिहू नकोस. तो एकरातले गुंठे आहे की पास होण्याचे गुण? उद्या पास होण्याचे गुण बदलले आणि कुणी सगळीकडचे ४० बदलत सुटलं तर एकरही बदलेल. त्याला नाव दे:

स्थिर गुंठे_प्रति_एकर ← ४०
स्थिर चौरस_फूट_प्रति_गुंठा ← १०८९
स्थिर मिली_प्रति_लिटर ← १०००

नाव दिलं की अर्थ कळतो, बदल एकाच जागी होतो आणि चुकून कुणी मूल्य बदलायला गेलं तर काही भाषा अडवतात.

पण सगळे कॉन्स्टंट सारखे नसतात. वरचे तीन हे मापाच्या व्याख्येतून आलेले, ते बदलणार नाहीत. दुसरे असतात ते माणसांनी ठरवलेले. मतदानाचं वय २१ होतं, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं ते १९८९ पासून १८ झालं. असे कॉन्स्टंट प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकत्र, ठळक ठेवायचे.

तिसरे फसवे. ते कॉन्स्टंटसारखे दिसतात पण तारखेला बांधलेले असतात. तुपावरचा जीएसटी घे. तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. 'स्थिर तूप_जीएसटी ← १२' लिहून ठेवलं होतं, त्या दिवशी ५ केलं, झालं काम, असं वाटेल. मग कुणीतरी ऑगस्ट २०२५ चं बिल पुन्हा छापून मागतं आणि प्रोग्रॅम त्यावर ५ टक्के लावतो. जुनं बिल खोटं पडलं. दुधाच्या दराचंही तेच. मागच्या हप्त्याचं बिल आज छापलं तरी मागचाच दर लागला पाहिजे. अशा मूल्याला कॉन्स्टंट करू नकोस. 'दर' आणि 'कधीपासून लागू' अशा दोन रकान्यांचा तक्ता कर आणि नोंदीच्या तारखेवरून दर शोध.

म्हणून प्रत्येक आकड्याला विचार: हा कोण बदलतं, कधी बदलतं, आणि बदलल्यावर जुन्या नोंदींचं काय? कुणीच बदलत नसेल तर कॉन्स्टंट. क्वचित बदलत असेल आणि जुन्या नोंदींना धक्का लागत नसेल तरी कॉन्स्टंट. जुन्या नोंदींना जुनंच मूल्य लागत असेल तर ती माहिती आहे, तिला तारीख लाव.

१०. 'सुरू' लिहिण्याआधी तक्ता काढ

स्यूडोकोडची पहिली ओळ लिहिण्याआधी कागदावर रकाने आख: नाव, टाइप, एकक, कमीत कमी, जास्तीत जास्त, सुरुवातीचं मूल्य, कोण बदलतं. प्रत्येक व्हेरिएबल आणि कॉन्स्टंट त्यात भर. मग घोषणा आपोआप उतरतात:

घोषित सभासद_क्रमांक : स्ट्रिंग
घोषित दूध_मिली : इंटिजर
घोषित फॅट_दशांश : इंटिजर
घोषित सरासरी_फॅट : रिअल
घोषित दूध_प्रकार : स्ट्रिंग
घोषित बिल_दिलं : बूलियन

कॉलेजात 'घोषित' ऐवजी इंग्रजी शब्द सांगतील, तसे लिही. शब्द कुठलेही चालतात, रकान्यांतली उत्तरं मात्र तुझ्याजवळ हवीत. एखादा रकाना भरता येत नसेल तर प्रोग्रॅम लिहायची वेळ अजून आलेली नाही. उठून केंद्रावर जा, काट्यापाशी उभी राहा, सचिवांना विचार. माहिती कशी जन्मते हे तिथंच कळतं.

तक्ता झाला की पेन्सिल घेऊन ड्राय रन कर. एकेक ओळ चालव, प्रत्येक व्हेरिएबलचं मूल्य शेजारी लिहीत जा, बदललं की जुनं खोड. सोपी मूल्यं घेऊन समाधान मानू नकोस. अडचणीची घे: ० मिली दूध, भरलेला टँकर, न लागलेलं फॅट, ००७ हा सभासद, शेवटी मोकळी जागा राहिलेलं नाव, दर बदलला त्याच दिवशीची संध्याकाळ. तुझा स्यूडोकोड एवढ्यातून नीट पार पडला तर तो कुठल्याही भाषेत उतरव.

हे सगळं मी इतक्या आग्रहानं सांगते त्याचं कारण परीक्षेतले गुण नाहीत. पहाटे उठून धारा काढणारी बाई बिलावरचा आकडा पाहते आणि त्यावर विश्वास ठेवते. आत इंटिजर आहे की रिअल, हे तिला कळायची गरज नाही. ते कळून घ्यायची जबाबदारी तिनं न सांगता तुझ्यावर सोपवलेली असते. यंत्र तुझ्यासाठी विचार करणार नाही, ते फक्त तू ठरवलेलं पाळतं. म्हणून ठरवताना घाई करू नकोस. या आठवड्यात तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर तो सात रकान्यांचा तक्ता आख, दूध केंद्राचाच हिशेब घे, आणि भरून मला दाखवायला घेऊन ये.